मेहुण्याची इंग्रजी कॅसेट

शिरूर ते दौंड या पट्ट्यात ऊस पिकला, कांदा पिकला, पण इंग्रजी रॉक संगीताचा कडवा भक्त एकच पिकला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ निघाला. रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करणारा हा गडी कारेगावच्या खोलीवर भांड्यांच्या आधी टेपरेकॉर्डर घेऊन राहायला गेला. कुठल्याशा अनोळखी बँडची कॅसेट त्याला पुण्यात फुटपाथवर सापडली होती. मी गेलो की टेकायच्या आत ती सुरू. "दाजी, ऐकताय नव्हं? हितं गिटार रडतीया." मला ती पट्टा सुटलेल्या पिठाच्या गिरणीसारखी वाटायची, पण सासुरवाडीच्या माणसाला नाही म्हणायची माझी छाती नाही. "व्हय, लई रडतीया," म्हणून मी चेहरा पाडून बसायचो.

पुढं घात झाला. ती कॅसेट तुफान चालली. तिच्यातलं तिसरं गाणं कंपनीच्या बसमध्ये, सणसवाडीच्या सलूनमध्ये, जिथं तिथं वाजू लागलं. दुसरा कुणी खूश झाला असता; याला सुतक आलं. "ज्याला तेवढं तिसरंच आवडतं, त्याच्याशी आपलं जमायचं न्हाई," असं त्यानं जाहीर केलं.

अशात दौंडला मुलगी बघायचं ठरलं. "होकार घेऊनच या," असं सासूबाईंनी मला बजावलेलं. मुलगी त्याला आवडली, हे त्याच्या लाल झालेल्या कानांवरून कळतच होतं. तरी पोहे खाता खाता यानं विचारलंच, "गाणी ऐकता का?"

"ऐकते की. दादानं ती इंग्रजी कॅसेट आणलीया. तिसरं गाणं लई भारी हाय."

माझ्या घशात शेंगदाणा अडकला. मेहुण्यानं बशी खाली ठेवली. मी मनातल्या मनात परतीची एसटी शोधू लागलो. तेवढ्यात ती म्हणाली, "पर दादा तिथनंच मागं फिरवतो. फुडं काय हाय वो त्यात?"

हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं चौथ्या गाण्यापासून सांगायला घेतलं. बऱ्याच वेळानं मुलीचे वडील माझ्या कानाशी लागले, "पाव्हणं, नवरदेव मास्तर हायेत का?"

"न्हाई, कंपनीत हायेत," मी म्हणालो, "आज सुट्टी हाय."

त्या दोघांच्या लग्नानंतर कारेगावला गेलो. चहा आला, तब्येतीची चौकशी झाली, कॅसेटचं मात्र कुणी नाव काढेना. शेवटी मीच म्हणालो, "लाव की रे ती."

"ऱ्हाऊ द्या, दाजी," तो मायेनं म्हणाला, "तुम्हाला कवा आवडली व्हती?"

निघालो. जिन्यात होतो, तेवढ्यात वर टेप सुरू झाला. सातवं गाणं होतं. ते मला ओळखू आलं, याचंच मला नवल वाटलं. आणि संपेपर्यंत मी तिथंच पायरीवर थांबलो.