झुल्यात न झोपणारे आमचे व्याही

या जगात मला सगळ्यात जास्त संताप आणणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता आमच्या व्याह्यांकडे बोट दाखवीन. वास्तविक त्यांनी माझं कधीच काही वाकडं केलेलं नाही, पण तेच तर जास्त चिडवणारं आहे. मी बँकेतल्या बदलीनं लखनौला आलो, ते अमौसीच्या विमानतळावर नोकरीला लागले, आणि दोघांनीही सरोजिनी नगरमध्ये दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरं बांधली. पुढे माझ्या मुलानं त्यांची मुलगी पसंत केली. झालं! मराठीत मनसोक्त भांडता येईल असा हाताशी असलेला एकमेव माणूस माझा व्याही होऊन बसला. मी मुलाचा बाप, ते मुलीचे. मी काहीही बोललो की ते मान डोलावून म्हणणार, "तुमचं बरोबर आहे, व्याहीबुवा." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

विमानाला लावायच्या शिड्यांची देखभाल करण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे ज्या वस्तूवर माणसाचं वजन पडणार, तिच्याकडे ते संशयित गुन्हेगाराकडे पाहावं तसं पाहतात. आमच्याकडे आले तरी खुर्ची आधी उलटी करणार, पाय हलवून बघणार, मग बसणार. स्वतःच्या मुलीच्या लग्नात अंतरपाट धरलाय, गुरुजी "मुलीचे वडील कुठे आहेत?" म्हणून ओरडताहेत, आणि हे नवं कोरं धोतर नेसून स्टेजच्या खाली! फळ्यांमधून आवाज आला, "एक मिनिट थांबा, इकडची पाचर सैल आहे." माझ्या मुलाचं लग्न त्या पाचरेपायी लांबलं. मला तेव्हाही राग आला होता, पण वरपक्षानं हसायचं असतं म्हणून मी हसलो.

ते निवृत्त झाल्यावर सूनबाईनं त्यांना एक हॅमॉक भेट दिला. कापडी झोळीसारखा झुला आणि तो टांगायला लोखंडी नळ्यांचा सुटा होणारा स्टँड. नळ्या एकमेकींत सरकवायच्या, नळीवरचं बटण भोकातून टक्‌कन वर आलं की ती पक्की झाली. झाड नको, खांब नको. "बाबा, आता जरा आडवे पडा," एवढाच त्या मुलीचा हेतू. पण आडवे पडतील तर ते आमचे व्याही कसले! रोज सकाळी ते पिशवी घेऊन गच्चीवर जाणार, एकेक नळी पुसून जोडणार, प्रत्येक बटण अंगठ्यानं दाबून पाहणार. मग गवंड्यांची लेव्हलची बाटली लावून जमीन सपाट आहे का ते तपासणार, एका पायाखाली पुठ्ठा सारणार, तो जास्त झाला म्हणून अर्धा फाडणार. मग झुल्याची साखळी एक कडी वर, एक कडी खाली. मग गव्हाचं पोतं झुल्यात झोपवून त्याला झोके देणार आणि बाजूला उभं राहून कान देऊन ऐकणार. संध्याकाळी दव पडायच्या आत सगळं सोडवून परत पिशवीत. त्या झुल्यात फक्त गव्हानं आराम केला. समोरच्या गच्चीवरून तिवारीजी रोज हाक मारायचे, "भाईसाहब, झूला है कि जहाज़? उड़ान कब भरेगा?" व्याही शांतपणे सांगायचे, "अभी चेकिंग चल रही है."

आता मुख्य गोष्ट. आमच्या मराठी मंडळात परवापरवापर्यंत एक किस्सा सांगून लोक हसायचे, आणि तो धादांत खोटा आहे. खोटा मी केलेला आहे.

संक्रांतीला मंडळ तिळगुळासाठी त्यांच्या गच्चीवर जमलं होतं. बऱ्याच दिवसांच्या धुक्यानंतर छान ऊन पडलं होतं. झुला तयार होता, पण कुणाला बसू देतील तर शपथ! "पाहुणे वजनदार आहेत, पुन्हा एकदा बघतो," असं म्हणून ते लेव्हलची बाटली आणायला खाली गेले. माझा पेशन्स संपला. झुला मला फार सैल वाटला, म्हणून ताण यावा या हेतूनं मी बटण दाबून खालची नळी चांगली हातभर बाहेर ओढली आणि वरपित्याच्या रुबाबात आत बसलो. बटण पुढच्या भोकातून वर आलेलं नव्हतं. नळी सुटली, स्टँड फाकला, आणि मी तिळगुळाच्या ताटासकट जमिनीवर.

व्याही धावत आले. त्यांनी आधी मला उठवलं, मग नळीकडे पाहिलं. बटण कुठल्या भोकापाशी आहे ते त्यांना एका नजरेत कळलं, कळणारच. क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझीच चूक. बटण नीट बसलं नव्हतं."

आणि मी काय म्हणालो? कंबर चोळत म्हणालो, "एवढे दिवस घोळ घालून शेवटी हेच ना!" सगळे हसले. तेही हसले.

त्याआधी आलमबागपर्यंतच्या कुठल्याही मराठी घरात बारसं असलं की पाळणा टांगायला त्यांनाच बोलवत. नंतर कुणी बोलावलं नाही. स्टँड माळ्यावर गेला. खुर्च्या उलट्या करणंही त्यांनी सोडलं. आमच्याकडे आले की दिसेल त्या खुर्चीवर गुपचूप बसायचे. त्या प्रत्येक वेळी मला त्यांचा भयंकर राग यायचा. अरे, बोल ना माणसा! एकदा तरी म्हण की नळी तुम्ही ओढलीत!

मागच्या महिन्यात आमच्या नातवाच्या बारशाचं ठरवायला आम्ही त्यांच्याकडे जमलो. विहीणबाई चाचरत म्हणाल्या, "पाळणा ह्यांनी टांगायचा म्हणजे... आलमबागहून तयारच आणू या का?" माझे चिरंजीव लगेच म्हणाले, "हाँ, रेडीमेड ही ले लेते हैं ना. रिस्क कशाला?" आणि स्वतःच्या नातवाच्या पाळण्याबद्दल हा गृहस्थ म्हणतो, "हो, तेच बरं."

माझं डोकंच फिरलं. "तो स्टँड मी पाडला होता," मी ओरडलो. "नळी मी ओढली. यांची जोडणी चोख होती."

व्याही ताडकन उठले. त्यांना इतकं लालबुंद मी कधी पाहिलं नव्हतं. "गप्प बसा! कुणी विचारलं तुम्हाला? माझ्या मुलीच्या सासऱ्याला चारचौघांत कुणी हसू नये म्हणून मी तोंड मिटून बसलो, ते काय तुम्ही असं वाया घालवावं म्हणून?"

"मग कशाला मिटलंत? मी मागितलं होतं का?"

"मुलीचा बाप आहे मी!"

"आणि मी कोण आहे?" सूनबाई मध्येच म्हणाली. "बाबा, मला वाटायचं तुमचे हात आता थरथरतात. मी आईला सांगायचे, बाबांना जड काही उचलू देऊ नकोस."

व्याही स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

बारशाला पाळणा त्यांनीच टांगला. छताच्या कडीला लोंबकळून पाहिलं, दोर सोडून पुन्हा बांधला, रिकाम्या पाळण्याला झोका देऊन डोळे मिटून ऐकलं. बाळ रडून रडून लाल झालं होतं, गुरुजी घड्याळ बघत होते, आणि पाळणा म्हणायला आलेल्या बायका, एरवी कुणासाठी न खोळंबणाऱ्या, पदर सावरून उभ्या होत्या. "अजून थोडं," ते म्हणाले. कुणीही घाई केली नाही.

माझ्याशी ते अजून बोलत नाहीत. समोरून आले तर रस्ता ओलांडून पलीकडे जातात. मंडळातले लोक म्हणतात, मध्यस्थी करू का? मी नको म्हणतो. इतकी वर्षं ते माझ्याशी नुसते अदबीनं वागत होते. आता निदान रागावले तरी आहेत.