जाईच्या बुंध्याला लागलेली झळ

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. पोराला नाही, थोरल्या भावाला नाही. देवळात जाऊन बसलो, तिथंही नाही. देवाला ठाऊकच असणार, मग सांगायचं कशाला, असं म्हणून उठून आलो. खरं तर जिला सांगायला पाहिजे होतं ती माझी बायको हिरा. येत्या श्रावणात तिला जाऊन वर्ष होईल.

मी चौथी शिकलेला माणूस. अक्षराकडं बघू नका. तुमची माझी ओळख नाही, हे बरंच आहे. ओळखीच्या माणसाला उद्या परत तोंड दाखवावं लागतं.

आधी त्या यंत्राचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं — नाही, हे पण खोटं. सुरू माझ्यापासून झालं. यंत्र हातात होतं, एवढंच.

पोरगा चाकणला कंपनीत आहे. त्यानं चार वर्षांपूर्वी एक विजेची हीट गन आणून दिली. दिसायला केस वाळवायच्या मशीनसारखी, पण त्या हवेत केस धराल तर करपून जातील. गल्लीत तिचं नाव पडलं पिस्तूल. लई कामाची चीज, राव. पूर्वी पाण्याच्या पाईपाला पाईप जोडायचा तर आम्ही तुराट्या पेटवून तोंड शेकायचो. एका अंगाला जळायचा, दुसऱ्या अंगाला कच्चाच. ह्या हवेनं तोंड कसं सारखं मऊ होतं, दुसरा पाईप आत सारला की झालं. दारावरचा जुना ऑइलपेंट पापडासारखा फुगतो, पत्र्यानं ओढला की सालपटं निघतात. गंजलेला नट सुटतो. शेगडीतले कोळसे फुलतात. माणसं दारात यायची, "तात्या, पिस्तूल मोकळं हाय का?" म्हणायची. मी लगेच हो म्हणत नसे. "बघतो," म्हणायचो. उगाच. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडं असं काही होतं जे दुसऱ्याकडं नव्हतं.

हिरा हसायची. "आता उशाशी घिऊन झोपा त्येला," म्हणायची. "मी काय, हाय तिथंच हाय."

अंगणातल्या गवतावर पण ते चालतं. शहाबादी फरशीच्या सांध्यात हरळी माजते, ती उपटून निघत नाही. पण गरम हवेचा झोत जरा वेळ धरला की काम झालं. जाळायचं नाही, नुसतं भाजायचं. गंमत अशी की त्या दिवशी गवताला काहीच झालेलं दिसत नाही. हिरवंच असतं. दोन-तीन दिवसांनी वाळतं. हे ध्यानात ठेवा, माझं पाप ह्याच दोन-तीन दिवसांत लपलं.

हिराचं माहेर जुन्या आंबेगावचं. डिंभे धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. घर सोडताना तिच्या आईनं परसातल्या जाईची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून लेकीला दिली. ती काडी हिरानं आमच्या अंगणात लावली. माहेरचं म्हणावं असं तिच्याजवळ तेवढंच. उन्हाळ्यात धरणाचं पाणी आटलं की तिथली माणसं जुन्या जागा बघायला जायची. ही कधी गेली नाही. "माजं म्हायेर हितंच हाय," म्हणायची आणि वेलाला तांब्याभर पाणी घालायची.

आम्हा भावांची वाटणी झाली तेव्हा अंगणाच्या मधोमध छातीएवढी भिंत आली. वेलाचं मूळ आमच्याकडं, पण सकाळचं ऊन अण्णांच्या बाजूला — अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. वेल उन्हाच्या मागं गेला. फुलं सगळी पलीकडं. मग रोज संध्याकाळी कौसावहिनी, माझी थोरली भावजय, ओंजळभर कळ्या भिंतीवर ठेवायची आणि दोघी जावा अल्याड-पल्याड उभ्या राहून गजरे करायच्या.

"येल तुजा गं हिरे, आन झाडून माजी कंबर मोडली," वहिनी म्हणायची.

"मंग फुकट गजरं घालतीस ती, आक्का? कंबर तर मोडणारच!"

आणि दोघी हसायच्या. भिंत पुरुषांनी घातली होती. त्या दोघींनी ती कधी मानलीच नाही.

आता सांगतो. सांगायलाच बसलोय — तरी बघा, किती फेरे मारतोय.

गौरी तोंडावर आल्या होत्या. मी फरशीतली हरळी भाजत होतो. बोर्डाची वायर ओढत ओढत भिंतीपर्यंत आलो. हिरा आळेफाट्याला बाजाराला निघाली होती. जाता जाता म्हणाली, "येलाच्या बुडाशी नेऊ नका हां ते. तिथलं हातानं वरबाडा." मी म्हणालो, "मला शिकवू नको." ती गेली.

तेवढ्यात वहिनीनं भिंतीवरून हाक मारली. "भावजी, मोरीत लाल मुंग्यांनी जीव खाल्लाय बगा. घटकाभर द्या की तुमचं पिस्तूल." मी म्हणालो, "माझं काम चाललंय." दिलं असतं तर? घटकाभराचाच तर सवाल होता. ती गेली आणि तिनं बंबातलं उकळतं पाणी मुंग्यांवर ओतलं. तिची मोरी भिंतीपासून सहा हात लांब. वाफ मात्र भिंतीच्या वर आली.

मी वेलाच्या बुंध्याशी आलो. हरळी तिथं सगळ्यात दाट. हातानं वरबाडायला काय झालं होतं? काही नाही. बायकोनं सांगितलं होतं, म्हणूनच तसं करायचं नव्हतं. झोत धरला. हरळी मरेना, म्हणून जवळ नेला. बुंध्यातून बारीक चर्र आवाज आला आणि गोडसर, शिजल्यासारखा वास. साल सुरकुतली, फिकी पडली. मी बघितलं. लगेच बंद केलं का? नाही. वाटलं, एवढ्यानं काय होतंय. उरलेली हरळी संपवली. मग मनात चुकचुकलं, तशी ओली माती घेऊन बुंध्याला थापली, चांगली वीतभर. वर दोन तांबे पाणी ओतलं. हिरा घरी आली तर म्हणाली, "आज येलाला पानी घातलंत? सूर्य कुठं उगावला?"

तिसऱ्या दिवशी वेलानं माना टाकल्या.

हिरा त्याच्याशी उकिडवी बसून राहिली. मग तिनं मला विचारलं. नीट विचारलं, आरोप न करता, "आवं, तुमी ते हिकडं आणलं न्हवतं ना?"

मी म्हणालो, "छ्या! तू नको म्हणाली होतीस ना?"

इथं थांबलो असतो तर एक खोटं झालं असतं. मी थांबलो नाही. म्हणालो, "वहिनीच्या बाजूनं मात्र त्या दिवशी वाफ येताना दिसली. ऊन पाणी ओतत होत्या वाटतं."

बघा — त्यातला एकेक शब्द खरा होता. वाफ दिसली होती. ऊन पाणी होतं. खऱ्याची वीट घेऊन मी खोट्याची भिंत घातली, आणि ही भिंत त्या दोघींना ओलांडता आली नाही.

हिरा उठली, भिंतीपाशी गेली. "माजं म्हायेर पान्यात गेलं, तेवढं पुरलं न्हाई व्हय तुला? वर ऊन पानी वतलंस?"

"हिरे, मुंग्यांवर वतलं गं. देवाशप्पत!"

"मुंग्यांवर! मुंग्या काय माज्या येलाच्या बुडात ऱ्हात्यात?"

वहिनीनं तेव्हा माझं नाव घेतलं. "भावजींना इचार. मी त्यांच्याकडं पिस्तूल मागितलं व्हतं."

मी कुठं होतो? आत, दाराचा रंग काढत होतो. पिस्तूल चालू ठेवलं. त्याच्या आवाजात ऐकू आलं नाही असं म्हणता यावं म्हणून चालू ठेवलं. एकाच जागी झोत धरून उभा राहिलो. दाराचं लाकूड तळहाताएवढं काळं पडलं. ते अजून आहे. त्या दाराला नवा रंग लावला तरी त्या जागी तो धरत नाही.

वहिनी ओरडत राहिली, "भावजी! ओ भावजी!" मी बाहेर आलो नाही.

आठवड्यात वेल वाळला. दोघी बोलायच्या बंद झाल्या. संक्रांतीला हिरा आख्ख्या गल्लीत वाण देऊन आली, एक दार सोडून. तीन वर्षं. त्या तीन वर्षांत मी रोज भिंतीजवळ दात घासले. कितीदा वाटलं — आज सांगू. जेवताना सांगू. मग वाटायचं, आता सांगितलं तर वेलाचं राहील बाजूला, ती म्हणेल, 'मी तुमाला नको म्हणलं व्हतं.' एवढंच. एवढंसं वाक्य ऐकायला लागू नये म्हणून मी दोन बायांचं नातं तुटू दिलं. मोठं कारण असतं तर सांगितलं असतं. नाही मोठं कारण.

मग हिरा आजारी पडली. पोटाचं दुखणं. दवाखाने झाले, पुण्याला नेऊन झालं, शेवटी घरी आणली. पलीकडून वहिनी अण्णाला विचारायच्या, "आज खाल्लं का तिनं?" अण्णा मला विचारायचा. मी अण्णाला सांगायचो. अशी चौकशी भिंतीला वळसा घालून यायची.

एके दुपारी हिरानं मला जवळ बोलावलं. आमच्यात रीत आहे — बाई सवाष्ण गेली की तिला हिरवं लुगडं नेसवतात, ओटी भरतात, आणि पहिली ओटी थोरल्या जावेनं भरायची. हिरा म्हणाली, "आक्काचा हात माज्या ओटीला लागू देऊ नका."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती शुद्धीवर होती. तिला सगळं कळत होतं. ह्याहून चांगली वेळ माणसाला मिळते का? तोंड उघडायचं आणि म्हणायचं — हिरे, तो मी होतो. सहा शब्दसुद्धा लागत नाहीत.

मी म्हणालो, "बरं."

ती चौथ्या दिवशी गेली.

सकाळी बाया जमल्या. वहिनी आल्या. अंगावर धड लुगडं नव्हतं, तशाच आल्या होत्या. हातात सूप, त्यात खण, नारळ, तांदूळ आणि जाईचा गजरा. ताजा. मी दारात उभा होतो — त्याच दारात, काळा डाग पडलेल्या. गजऱ्याकडं बघत राहिलो. आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडं जाई नव्हती.

वहिनी हळू म्हणाल्या, "तिच्या म्हायेरचीच हाय, भावजी. येल सुकाया लागला तवा चार काड्या मोडून डब्यात लावल्या व्हत्या. एक जगली. तिला द्यायची व्हती. तिनं घेतली नसती."

तीन वर्षं. माझ्या बायकोचं माहेर तीन वर्षं भिंतीपलीकडं तेलाच्या डब्यात जिवंत होतं. ज्या बाईनं ते मारलं असं मी भासवलं, तिनंच ते जगवलं होतं. आणि हिरा ते न बघताच मेली.

अजूनही वेळ होती. हिराला ऐकू येणार नव्हतं, पण वहिनीला येत होतं. सगळ्या बायांना येत होतं.

मी दारात हात आडवा धरला. म्हणालो, "नको वहिनी. तिनं सांगून ठेवलंय."

वहिनी खाली वाकल्या. सूप उंबऱ्याच्या बाहेर, फरशीवर ठेवलं. जिथं हरळी होती तिथंच. गजरा कुणीच उचलला नाही. मीही नाही. पहिली ओटी चुलतभावाच्या बायकोनं भरली. हिरा माहेरच्या फुलांवाचून गेली.

तेराव्यानंतर सगळे पांगले. पोरगा म्हणाला, चाकणला चला. मी गेलो नाही. दुसऱ्याच दिवशी भिंतीवर एक डबा दिसला. दोन भाकरी, पिठलं, कांदा. पलीकडून वहिनीचा आवाज — "ऊन हाय तवर खावा."

तेव्हापासून रोज डबा येतो. मी रोज खातो. घास घशात अडकतो असं लिहिलं तर बरं दिसेल, पण अडकत नाही. भूक लागते आणि मी खातो. आपल्यात शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत. म्हणून मी डबा धुतो, त्यात गुळाचा खडा नाहीतर मूठभर शेंगदाणे टाकतो आणि भिंतीवर ठेवतो. हिरा हेच करायची. मला रीत पाळता येते. रीत पाळायला जीभ लागत नाही.

पिस्तूल खुंटीला आहे. फेकलेलं नाही. गेल्या आठवड्यातच एका पावण्याच्या पाईपाला जोड दिला. त्याचा काय दोष? ते जिकडं धराल तिकडं तापवतं.

तीन दिवस लागले हे लिहायला. नंतर सगळं दुसऱ्यांदा उतरवून काढलं. एक प्रत तुमच्याकडं, दुसरी वहिनीला. वहिनीला वाचता येत नाही, तिची सून वाचून दाखवील. तोंडानं सांगायचं होतं, तेही जमलं नाही. हेही लिहून ठेवतो.

डबा धुतलाय. ओला राहू नये म्हणून फडक्यानं पुसला, मग उन्हात ठेवला. आज त्यात गूळ नाही. दुसऱ्या प्रतीचे कागद घडी करून घातलेत, झाकण लावलंय. भिंतीवर ठेवतो.