दोघांपासून लांबचं

माझी बायको नर्स आहे. जपानमधल्या एका वृद्धाश्रमात काम मिळण्यासारखं आहे असं कळल्यावर तिने जपानी शिकायला घेतलं. क्लास कसबा पेठेत, एका तांबटाच्या दुकानावरच्या मजल्यावर. खाली ठोके, वर व्याकरण. आम्ही राहतो त्या मांजरी गावाहून जाण्यायेण्यात तिचा अख्खा रविवार जायचा. बाकीच्या दिवशी संध्याकाळी ती मला गच्चीवर न्यायची. सरावाला दुसरं माणूस लागतं, म्हणायची.

"आपलं 'हे' आणि 'ते' एवढ्यावर भागतं," तिने मला शिकवलं. "त्यांच्यात तीन आहेत. माझ्याजवळचं कोरे, तुमच्याजवळचं सोरे आणि आपल्या दोघांपासून लांबचं आरे."

म्हणजे लांबचं काही दाखवून 'ते काय आहे' असं विचारायचं, तर 'आरे वा नान देस का'. लग्न झाल्यापासून मला 'अहो' म्हणत आलेली बायको कठड्याशी उभी राहून मोठ्याने 'आरे वा' करायची. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी शेवटी विचारलंच, "रोज एवढं कौतुक कशाचं चालतं हो वर?"

मी विचारायचो, ती उत्तर द्यायची, तेही 'आरे वा'नेच सुरू. ऊस, क्रेन, देवळाचा कळस. शब्द अडला की "थांबा हं" म्हणून मोबाईलमध्ये बघायची. पलीकडच्या नव्या इमारती चढत गेल्या तसं गच्चीवरून दिसणारं कमी होत गेलं. मग मी ढगाकडे बोट दाखवायचो. तिला हसू यायचं, पण ढगाचंही उत्तर द्यायची.

ती परीक्षा पास झाली आणि गेली. नवऱ्याला सोबत नेण्याची सोय त्या व्हिसात नव्हती.

रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. सुरुवातीला एकदा तिच्या मागे फळीवर निळं काहीतरी दिसलं. मी हौसेने विचारलं, "आरे वा नान देस का?"

"अहो, आरे नाही. ते माझ्याजवळ आहे ना? मग सोरे."

"मला तू काय आणि ते काय, सारखंच लांब," मी म्हणालो.

गंमत म्हणून बोललो होतो. तिने ते फळीवरून काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. म्हणाली, "थर्मास आहे. बाजारातून आणलाय."

मग तिने तिथल्या एका आजींचं सांगितलं. त्यांना काही आठवत नाही. दुपारी खुर्ची खिडकीशी नेली की नदीपलीकडे बोट दाखवून त्या तेच वाक्य विचारतात, आरे वा नान देस का. तिथे कारखान्याचं धुराडं आहे. बायको सांगते, धुराडं. आजी मान हलवतात आणि पुन्हा विचारतात.

"कंटाळा नाही येत?"

"नाही. तिथल्या बाकी सगळ्यांचं बोलणं भराभर जातं माझ्या डोक्यावरून. हे तेवढं पूर्ण कळतं." मग म्हणाली, "परवा त्यांनी विचारलं, तुझं घर त्याच्या पलीकडे का? मी हो म्हटलं."

यंदा ती सुट्टीवर आली होती. परत जायच्या आदल्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "तिथल्या कामाची मुदत वाढवायची का विचारतायत. तुम्ही सांगाल तसं."

"तुला काय वाटतं?"

"काम आवडतं मला. इथे आले की जावंसं वाटत नाही, तेही खरं."

नको जाऊस, हे ओठांवर आलं होतं. पण काम आवडतं म्हणताना तिचा आवाज वेगळा लागला होता. ते ऐकल्यावर मी म्हणालो, "वाढव."

तिने मान खाली घालून पुढची जुडी सोडली.

विमानतळावर काचेच्या दारातून आत गेल्यावर राखाडी स्वेटरमधली ती वळली आणि हात केला. मीही केला. रांग पुढे सरकली तशा आत राखाडी स्वेटर घातलेल्या दोन बायका दिसायला लागल्या. लांबून त्यातली आपली कोणती ते कळेना. मी दोघींनाही हात करत राहिलो.