दाढेखालचा अपमान

क्लबच्या मैदानावर रूळ ओढणारा माणूस तिथल्या कुठल्याही खेळाडूपेक्षा वेगाने पळतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सेक्रेटरीलाही. तरीही निवडचाचणीत त्याने मैलाची शर्यत जिंकली, तेव्हा सेक्रेटरीने यादीतलं त्याचं नाव खोडलं आणि चारचौघांत सुनावलं, "अंगमेहनतीचा पगार घेणारा खेळाडू कसला? ही हौशी लोकांची स्पर्धा आहे. जा, रूळ ओढ."

निवड झाली सेक्रेटरीच्या पुतण्याची.

बायको म्हणाली, "अपमान गिळून तिथेच राबणार?"

"गिळलाय कुठे? दाढेखाली धरलाय."

सहा वर्षं रूळ ओढता ओढता तो बघत राहिला. कोणाचा दम कुठे तुटतो, कोण खांदे वर चढवतो. पुतण्या शेवटच्या वळणावर मागे बघायचा आणि बघताना बाहेर सरकायचा. हे त्याने फक्त बायकोला सांगितलं. संध्याकाळी दोरखंडाच्या कारखान्यामागच्या कच्च्या रस्त्यावर तो कामगारांना पळवायचा. पळणं काय शिकवायची गोष्ट आहे? लोक हसायचे. त्या कामगारांतला दोराला पीळ घालणारा एक काटकुळा पीळवाला त्याने हेरला.

पुढे नियम बदलला, शर्यत सर्वांना खुली झाली. पीळवाल्याला त्याने एवढंच सांगितलं, "शेवटच्या वळणापर्यंत पुतण्याला चिकटून राहा. तो मागे बघेल, आत जागा होईल. घुस."

तसंच झालं, पीळवाला जिंकला. सेक्रेटरी हात पुढे करत आला. रूळवाल्याने आपले हात पाठीमागे बांधले. "आता कुणाचं नाव खोडता, साहेब?"

नाक मुठीत धरून क्लबने त्यालाच प्रशिक्षक नेमलं. पुढच्या वीस वर्षांत त्याने कितीतरी धावपटू घडवले. पण पहिल्याच आठवड्यात पुतण्या आला.

"मास्तर, काकांचं सोडा. माझं काय चुकतं, तेवढं सांगा."

माणूस वाईट नव्हता. रूळवाल्याला अनवाणी पळताना बघून यानेच एकदा आपले बूट देऊ केले होते. एका वाक्याचं काम होतं.

"तुझं काहीच चुकत नाही," मास्तर म्हणाला.

त्या हंगामात पुतण्या प्रत्येक शर्यत त्याच वळणावर हरला आणि त्याने मैदान कायमचं सोडलं. बातमी आली तेव्हा मास्तर जेवत होता. ताट पुढे सरकवून तो म्हणाला, "वाढ अजून थोडं."

बायकोने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ती आत निघून गेली.