उशीआडची रमी

घरात त्याला सगळे न्यायमूर्ती म्हणत. हा किताब थट्टेचा आहे हे कळायला त्याला सात वर्षं लागली, आणि कळल्यावरही त्याने तो सोडला नाही, कारण दुसरं कुठलं पद मिळायची चिन्हं नव्हती. एरवी तो चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासायचा, फ्रेममध्ये बसवायचा आणि मोहरीएवढे स्क्रू चिमट्याने धरून पिळायचा. तिथे त्याला कुणी मत विचारत नसे. मालक फक्त 'झालं का?' एवढंच विचारी. त्यामुळे आठवडाभर साठलेलं शहाणपण तो रविवारी दुपारी रमीवर काढायचा.

नव्या सुनेला रमी येत नाही हे कळल्यावर तो इतका खूश झाला, की बायकोने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. त्याने चष्मा पुसला, चटई अंथरली आणि सुनेला समोर बसवलं.

"दोन कॅट एकत्र पिसायचे. प्रत्येकाला तेरा पानं. एक पान उलटायचं, तो त्या डावाचा जोकर, तो कुणाच्याही जागी चालतो. मग पानं जुळवायची. बदामाची सलग तीन-चार, किलवरची सलग तीन-चार, नाहीतर एकाच आकड्याची वेगवेगळी. पण एक तरी सलग जोड जोकर न लावता हवी. ती नसली तर बाकी सगळं पाण्यात."

"कळलं," सून म्हणाली.

"हे जगाचं झालं. आता आपल्या घराचं. दुसऱ्याने टाकलेलं पान उचललं, तर मोठ्याने नाव घेऊन उचलायचं. चौकट आठ, असं."

"का?"

"मोठ्या काकांना लांबचं दिसायचं नाही. आणि दुसरं म्हणजे, पानं हातात धरायची नाहीत. प्रत्येकाने पुढ्यात उशी उभी करायची आणि तिच्याआड पानं जमिनीवर मांडायची."

"ते का?"

"कुणी बघू नये म्हणून."

"पण बाबा, हातात धरली तर दिसतात थोडीच?"

न्यायमूर्तींनी घसा साफ केला. शेहेचाळीस वर्षं तो हा नियम पाळत आणि पाळायला लावत आला होता. त्यापायी त्याने जावयांना उश्या दिल्या, व्याह्यांना दिल्या, एकदा चहाला आलेल्या दुकानाच्या मालकालाही दिली. 'नियम आहे' म्हटलं की लोक मुकाट्याने उशी घेतात हा त्याचा अनुभव होता. घेतली नव्हती ती फक्त ताईने.

ताई त्याची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, खाली बसणं बंद झालं. "आपण टेबलावर बसू, पानं हातात धरू," ती म्हणाली. साधी गोष्ट होती. पण याने उशीशिवाय रमी होत नाही असा हेका धरला. शब्दाने शब्द वाढत गेला आणि शेवटी याच्या तोंडून निघून गेलं, "हातात पानं धरली की डोकवायला बरं पडतं, नाही का?" ताईने पर्स उचलली आणि घरी गेली. नंतर ती लग्नाला आली, आजारपणात आली, पण रमीला कधी बसली नाही. रविवारी चटई अंथरताना हा तिची जागा मोकळीच ठेवायचा. माफी मागायचा विचार त्याने केला नव्हता असं नाही. केला होता आणि पुढची तारीख दिली होती.

"आत्यांना माहीत असेल," असं म्हणत सुनेने फोन लावलासुद्धा, आणि स्पीकर चालू करून मध्ये ठेवला. न्यायमूर्तींना वाटलं, बरंच झालं, नियम पणजोबांपासूनचा निघेल.

सुनेने उशीचं विचारलं, तशी ताई म्हणाली, "तो ऐकतोय का? ऐकू दे. सहा वर्षांचा होता हा. तेरा पानं इवल्याशा हातात मावायची नाहीत. पडायची, सगळ्यांना दिसायची, मग हा भोकाड पसरायचा. आणि खेळायला तर बसायचंच असायचं. एक दिवस आमच्या वडिलांनी, अण्णांनी, सगळ्यांच्या पुढ्यात उश्या ठेवल्या. म्हणाले, आजपासून आपल्या घरात रमी अशीच. वर आम्हाला दम दिला, याला कारण सांगायचं नाही."

"मग त्या दिवशी तरी सांगायचंस!" हा फोनवर ओरडला.

"अण्णांना शब्द दिला होता."

"आणि आत्ता?"

"आत्ता तुझ्या सुनेने विचारलं. तिला सांगू नका असं कुठे म्हणाले होते?"

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दुकानाच्या मालकाचा उशीमागचा गंभीर चेहरा त्याला आठवला आणि जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "रविवारी ये," तो कसाबसा म्हणाला. "टेबलावर खेळू." ताई "बघते" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

रविवारी त्याने टेबल तीनदा पुसलं. ताई आली, काठी भिंतीला लावून त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. सुनेने पानं वाटली. न्यायमूर्तींनी आपली तेरा पानं उचलली, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की त्या उश्या आल्यापासून आपण तेरा पानं हातात कधी धरलेलीच नाहीत. एक पुढे घ्यावं तर दोन मागे सरकत होती. मोहरीएवढे स्क्रू धरणारी बोटं पत्त्यांपुढे पार लाकडाची झाली. पुढच्याच क्षणी सगळी पानं सुटली, निम्मी टेबलावर आणि निम्मी ताईच्या मांडीवर. मुलगा इतका हसला की त्याला खोकला आला.

ताईने एकेक पान पालथं करून गोळा केलं, टेबलावर आपटून सारखं केलं आणि त्याच्या हातात दिलं.

"बघितली नाहीत मी," ती म्हणाली. "तेव्हाही कधी बघितली नव्हती."

त्याने चार दिवस घोकून एक चांगलं मुद्देसूद भाषण तयार केलं होतं. त्यातलं एक वाक्य तोंडातून फुटेल तर शपथ. "ताई, चुकलं गं माझं," एवढंच तो म्हणाला, तेही सुनेदेखत, नाक ओढत.

"किती उशीर केलास रे," ताई म्हणाली. मग तिने आपली पानं पंख्यासारखी उघडली आणि त्याच्याकडे तोंड करून धरली. "हे बघ. अंगठा इथे दाबायचा, बाकीची बोटं मागे. बघ नीट."

तिला डाव लागायला एकच पान कमी होतं.

"अगं, मला दिसतायत तुझी सगळी," तो घाईघाईने म्हणाला.

"दिसू देत," ताई म्हणाली.