लॉरेटाची उलटी साक्ष

नेब्रास्का राज्यातल्या दक्षिण ओमाहात, शाळेसमोरच्या चौकात, लॉरेटा पोस्पिशिलनं सव्वीस वर्षं लाल पाटी हातात धरून पोरांना रस्ता ओलांडून दिला. पाटी वर गेली की दूधवाला असो नाहीतर महापौर, गाडी थांबलीच पाहिजे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी बाईचा आवाज अजून चौकातलाच होता.

धाकटा भाऊ माइलो कुबिचेक मात्र राज्याच्या पार पश्चिमेला, सँडहिल्सच्या गवताळ टेकड्यांत, तीनशे गायी राखून होता. बहीणभावाचं सगळ्यात जमायचं, एक राजकारण सोडून. हिच्या अंगणात आपल्या पक्षाच्या निळ्या ठिपक्याची पाटी, तर तो निळ्या रंगाचा शर्टसुद्धा घालायचा नाही.

त्या फेब्रुवारीत राजधानी लिंकनच्या विधिमंडळात एक विधेयक आलं. राष्ट्राध्यक्ष निवडायला नेब्रास्काची मतं पाच. दोन राज्यभर जिंकेल त्याला आणि उरलेली तीन, ज्या त्या मतदारसंघाच्या कौलाप्रमाणे. त्यामुळे ओमाहाचं एक मत कधीमधी वेगळ्या वाटेनं जायचं. ही पद्धत मोडून पाचही मतं एकालाच द्यावीत, असं विधेयक म्हणत होतं. सुनावणीला कुणीही यावं, तीन मिनिटं बोलावं.

"मूठ पाच बोटांचीच होते, लॉरी," माइलो फोनवर म्हणाला. "एक बोट भलतीकडे वळलं की हात लुळा."

"अंगठा भलतीकडे वळतो म्हणूनच तुला दोर धरता येतो, शहाण्या!"

सुनावणीच्या आदल्या दिवशी सात तास गाडी हाकून तो बहिणीकडे उतरला. सोबत लिहून आणलेलं भाषण आणि सणसणीत सर्दी. तिनं त्याला डुकराचं मटण, वाफवलेले उंडे आणि आंबट कोबी पोटभर खाऊ घातलं. सकाळी उठतो तर घसा पार बसलेला.

"पन्नास वर्षं देवाला सांगतेय, याचं तोंड बंद कर म्हणून," गाडीत लॉरेटा म्हणाली. "बरा मुहूर्त शोधला त्यानं!"

सुनावणीत आधी विधेयकाच्या बाजूनं बोलणारे होते. माइलोचं नाव पुकारलं. तो बसला, तोंड उघडलं, पण गंजक्या फाटकासारखी करकर तेवढी बाहेर पडली. समितीच्या अध्यक्षबाई मायाळू होत्या. "तुमच्यातर्फे कुणी वाचलं तरी चालेल," त्या म्हणाल्या. "फक्त, जो बोलेल त्याची पाळी संपली. एका माणसाला एकदाच."

माइलोनं मागे वळून पाहिलं. लॉरेटाच्या मांडीवर तिचं स्वतःचं भाषण होतं, तीनदा खाडाखोड करून लिहिलेलं. गप्प बसली असती तर विधेयकाच्या बाजूचा एक गडी आपोआप बाद होता. पण गायी व्यायचे दिवस, त्या शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून हा एवढ्या लांब आलेला. ती उठली.

"आण तो कागद."

आणि तिनं वाचलं. पुटपुटत नाही, चौकातल्या आवाजात. "उमेदवार ओमाहात उतरतात, जेवतात, उडून जातात. आमच्याकडे धूळसुद्धा उडत नाही. आम्हीपण नेब्रास्काच आहोत." हे वाक्य वाचताना ती क्षणभर अडखळली. भावाला असं काही वाटतं, हे त्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिनं ते पुन्हा एकदा, सावकाश वाचलं.

मग विरोधकांची पाळी आली, आणि पहिला उठला तो माइलो. बहिणीच्या मांडीवरचा कागद त्यानं अलगद काढून घेतला.

"पण तुम्ही बाजूचे ना?" कारकून गोंधळला.

"मी... बोललोय कुठे अजून?" माइलो घोगरला. "हे... ताईचं."

सभागृह हसलं. करकरत, खोकत, पाणी पीत त्यानं वाचलं, "आमच्या एका मतासाठी मोठी माणसं आमच्या दारात येतात. एकानं माझ्या हातचा खसखशीचा गोड पाव, आमचा कोलाचे, खाल्ला आणि दुसरा मागितला." चार ओळी झाल्या नि टेबलावरचा, वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. टाळ्या वाजवायला बंदी होती, तरी वाजल्या.

विधेयक समितीतच अडकलं. माइलोचा फोन आला, "हरलो की! नीट वाचलं होतंस ना?"

"मी चोख वाचलं. तूच बेडकासारखा ओरडून त्यांचं काळीज पाघळवलंस, आता भोग."

सरकारी दप्तरात मात्र 'पोस्पिशिल, लॉरेटा – बाजूनं' अशी नोंद राहिली. गल्लीतल्या बायका तिला 'फितूर' म्हणून चिडवायच्या आणि ती खुशाल हसायची.

मे महिन्यात वासरांना मालकीचे डाग द्यायचे होते. बऱ्याच वर्षांनी ती माइलोकडे गेली. आसपासचे गुराखी हातात टोप्या घेऊन तिला भेटायला आले. "आमचं गाऱ्हाणं मांडणाऱ्या बाई त्या तुम्हीच ना?"

"मीच," लॉरेटा खुर्ची ओढत म्हणाली. "आता बसा सगळे. माझं स्वतःचं म्हणणं अजून कुणी पुरतं ऐकलेलं नाही, आणि इथे लाल दिवा नाही."