वरचं खाली

आम्हाला घरातून काढलं, असं आमच्याकडे कधी कुणी म्हटलं नाही. "किला गेटचं घर सोडलं" असं म्हणायची पद्धत होती. सोडलं म्हणजे जणू आम्हीच कंटाळलो आणि उठून दुसरीकडे गेलो. मी आता म्हातारी झाले आहे आणि गोड गोड बोलायचा मला कंटाळा आला आहे, म्हणून सरळ लिहिते. भाडं देता येईना म्हणून आम्हाला काढलं.

दादा, म्हणजे माझे वडील, ग्वाल्हेर दरबारच्या फरासखान्यात होते. दरबार भरायचा त्याआधी गालिचे, सतरंज्या, लोड-तक्के मांडून घ्यायचे आणि उठला की ते झाडून, गुंडाळून आत ठेवून घ्यायचे, हे त्यांचं काम. रियासत मध्य भारत नावाच्या नव्या राज्यात विलीन झाली आणि दरबारच भरेना, तर गालिचे कुणासाठी घालणार? विलीन हा शब्द त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी होता. फौज विलीन झाली, खजिना विलीन झाला, माझे काका सचिवालयात विलीन होऊन थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायलासुद्धा गेले. दादा तेवढे कशातच विलीन झाले नाहीत. "नंतर कळवू" असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि ते खरोखरच वाट बघत बसले. रोज सकाळी कोट-टोपी घालून बाहेर पडायचे, संध्याकाळी परतायचे, आणि आईने विचारलं की म्हणायचे, "बघतोय मी." माझा त्यांच्यावर फार जीव होता, पण त्या "बघतोय मी"चा मला अजून राग येतो.

घरमालक सेठजी खालच्या मजल्यावर राहत. त्यांची धान्याची आडत होती. वरच्या दोन खोल्या आमच्या. खाली रस्त्याच्या बाजूला आणखी एक खोली होती, तिच्यात जुनी पोती आणि मोडका पलंग पडलेला असे. सेठजींच्या बायकोला आम्ही अम्माजी म्हणायचो. बाई मनाने वाईट नव्हती. भाडं थकलं तरी किती तरी दिवस ती सेठजींना थोपवून धरत होती, हे मला पुढे कळलं.

आई साताऱ्याकडची. लग्न होऊन ग्वाल्हेरला येऊन तिला बरीच वर्षं झाली होती, तरी तिची हिंदी म्हणजे मराठीच्या शेपटाला "है" बांधलेली. "ये मेथी कोवळी नहीं है" असं ती भाजीवालीशी भांडायची, आणि भाजीवालीला ते बरोबर कळायचंही. मग नवी भाषा शिकायची कशाला, असा तिचा रोकडा हिशेब. आम्ही मुलं घरात मराठी आणि गल्लीत हिंदी बोलायचो. उंबरठा ओलांडला की तोंडातली भाषा आपोआप बदलायची. आई फारशी उंबरठा ओलांडतच नसे.

एके दिवशी दुपारी दादा बाहेर गेलेले असताना अम्माजी जिन्याच्या निम्म्यावर येऊन आईला म्हणाल्या, "बाई, अब ऊपर का खाली कर दो. बहुत दिन हो गए, सेठजी अब मेरी नहीं सुनते."

हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. आईलाही कुठेतरी ठाऊक असणारच. पण "ऊपर का" हे शब्द आधी कानावर पडल्यावर पुढच्या "खाली"चा तिने जो अर्थ लावला, तो कुठल्याही मराठी बाईने लावला असता. वरचं खाली करा. वरचं सामान खाली आणा. म्हणजे ही माणसं आपली अडचण ओळखून आपल्याला खालची ती पडीक खोली देताहेत, कमी भाड्यात. आईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "आजच करती हूँ, अम्माजी. आजच."

मी शाळेतून आले तर जिन्यात दोघी बायका. आई हंडा घेऊन उतरते आहे आणि अम्माजी तिच्या हातातली परात घेताहेत. अम्माजींना वाटत होतं, बाई किती समजूतदार, एका शब्दासरशी निघाली, टांगा येईपर्यंत सामान खाली आणून ठेवते आहे. आईला वाटत होतं, ही किती मोठ्या मनाची, स्वतः मदतीला आली. दोघी एकमेकींवर इतक्या खूश होत्या की बघणाऱ्याला सणच वाटावा. आईने मला मराठीत सांगितलं, "अगं, आपल्याला आता खालची खोली मिळाली." त्यात शंका घेण्यासारखं काय होतं? मी दप्तर टाकलं आणि झाडू घेतला. मोठा भाऊ पोती ओढायला लागला. धाकटा रांगत सगळीकडे धूळ माखून घेत होता.

खोली झाडून झाली. आईने कोपऱ्यात देव मांडले, दारात चार रेघांची रांगोळी काढली आणि शेगडी पेटवली. नव्या जागेत पहिल्यांदा गोड करायचं म्हणून डब्यात उरला होता तेवढा रवा घेऊन तिने शिरा केला. तूप बेताचंच होतं. पहिली वाटी अम्माजींना दिली. देवांची मांडणी बघूनच अम्माजींचा चेहरा जरा गोंधळला होता, पण गोडाला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी शिरा खाल्ला.

दिवेलागणीला सेठजी आले. दारात थबकून त्यांनी विचारलं, "तांगा कब आएगा?"

आई पदर सावरत म्हणाली, "कौन आनेवाला है?" तिला वाटलं, सेठजींकडे पाहुणे येताहेत.

तेवढ्यात दादाही आले. त्यांनी रांगोळी बघितली, शेगडी बघितली, सेठजींचा चेहरा बघितला, अम्माजींच्या हातातली रिकामी वाटी बघितली. त्यांना सगळं लख्ख कळलं असणार. आता हे ऐकायचं होतं ते फक्त आईने.

"अगं," दादा हलक्या आवाजात म्हणाले, "खाली म्हणजे रिकामं. ते घर रिकामं करायला सांगताहेत."

आईने धाकट्याला उचलून कडेवर घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला त्या क्षणी सेठजींचा नाही, दादांचा नाही, त्या शब्दाचा राग आला. भाषेने असं करू नये, असं मला अगदी मनापासून वाटलं. अम्माजी रडायला लागल्या. "मैंने इसके हाथ का मीठा खाया है," त्या सेठजींना म्हणाल्या, "चूल्हा जला हुआ है, आज कैसे निकालें?" सेठजी मान खाली घालून आत गेले. त्यांचंही काही चुकलं होतं असं मला आज वाटत नाही. ते भाडं मागत होते, आणि आमच्याकडे ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. निघालो म्हणजे सगळे एकाच दिशेला गेलो असं नाही. घर गेलं की डोक्यावरचं छप्पर जातं, असं लोक म्हणतात. छप्पर मिळतं हो. कुणी ना कुणी देतं. पण पाच माणसांना एकत्र मिळत नाही. प्रत्येक नातेवाइकाकडे एकेका माणसापुरती जागा असते. काका म्हणाले, मुलीला आमच्याकडे ठेवा, शाळा बुडायला नको. आत्याने उज्जैनहून मोठ्या भावाला बोलावून घेतलं. आई धाकट्याला घेऊन साताऱ्याला माहेरी गेली. दादांना एका देवळाच्या आवारात खोलीवजा आडोसा मिळाला. दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, असं सगळे सगळ्यांना सांगत होते. स्टेशनवर आईने माझी वेणी सोडून पुन्हा घातली. गाडी सुटेपर्यंत तिचं तेच चाललं होतं.

त्या दोन-चार महिन्यांची वर्षं झाली. आईची पोस्टकार्डं यायची, त्यात तब्येत आणि अभ्यास एवढंच. साताऱ्याला जाण्या-येण्याचा खर्च काकांना कसा सांगायचा, म्हणून मी कधी विषयच काढला नाही. काकू चांगली होती. तिने मला वेगळं वागवलं नाही, पण मी मात्र ताटात दुसऱ्यांदा काही मागायचं बंद केलं होतं.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य भारत गेला, राजधानी भोपाळला गेली, आणि तिच्या मागोमाग ग्वाल्हेरचे बाबू लोक बाडबिस्तरा घेऊन निघाले. काकांची बदली झाली. माझं मॅट्रिक जवळ आलं होतं आणि ग्वाल्हेरला राहायला दुसरं घर नव्हतं, त्यामुळे मीही त्यांच्याबरोबर गेले. आणि इकडे भाडेकरू उठून गेल्याने घरं ओस पडली, मालक स्वतःहून गिऱ्हाईक शोधायला लागले, तेव्हा कुठे दादांना परवडेल अशी खोली शहराच्या लश्कर भागात मिळाली. ते तोवर एका कापडाच्या दुकानात लागले होते. त्यांनी आईला आणि धाकट्याला बोलावून घेतलं; मोठा भाऊ तेवढा उज्जैनलाच राहिला. ज्या उलथापालथीने त्यांना घर दिलं, तिनेच मला तिथून उचलून नेलं होतं. यावर हसावं की रडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मॅट्रिकची परीक्षा झाली आणि मी ग्वाल्हेरला आले. दादा स्टेशनवर घ्यायला आले होते, केस पांढरे झालेले. खोली लहान पण स्वच्छ होती. धाकटा माझ्याकडे दारामागून बघत होता. "ताई आहे ती, पाया पड," असं आईला त्याला सांगावं लागलं. आईने मला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला, रडली, मीही रडले. आता सगळं जागच्या जागी आलं, असं मला वाटलं.

मग तिने चहा ठेवला. मी खोलीभर नजर फिरवत बसले होते. चहा उकळला, तिने साखरेचा डबा उघडला, चमचा भरला, आणि हात थांबवून विचारलं, "तू साखर किती घेतेस गं?"

पाहुण्यांना विचारतात, तसंच. मी घाईघाईने म्हणाले, "घाल ना तुझ्या अंदाजाने."

ती भरलेला चमचा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. चहा निवायला लागला. शेवटी मीच सांगितलं, "दोन."